उपाशी शांतता

तिनं उशी पोटाशी घट्ट धरली आणि तेच वाक्य पुन्हा वाचायला घेतलं.

‘दीपगृहाच्या रखवालदाराने शेवटच्या पायरीवर कंदील ठेवला आणि मागे वळून पाहिले.’

वाक्य नीट गेलं. त्यामागचा श्वासही नीट गेला. काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणाऱ्या कानसेनांनी अंगठा वर केला, तेव्हा कुठे तिनं उशीवरची पकड सैल केली आणि बाजूला तोंड करून मघापासून दाबून धरलेला खोकला काढला.

उशीची कल्पना तिची स्वतःची. बोलक्या पुस्तकांच्या कामात माईकपुढे बसायचं म्हणजे चोंबड्या शेजारणीपुढे बसण्यासारखं. काही म्हणता काही लपत नाही. बांगड्या काढून ठेवायच्या, घड्याळ काढून ठेवायचं, सळसळणारं कापड अंगाला लावायचं नाही. गिळलेला आवंढासुद्धा ऐकणाऱ्याच्या कानात जाऊन बसतो. हे सगळं ती इथे येऊन शिकली होती. पण पोटाला काय शिकवणार? पोट कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

आणि अलीकडे ध्वनिमुद्रणात पोटाचा आवाज येऊ लागला होता. तिला सर्दी झाली, खोकला लागला, आणि त्याच सुमारास हे नवं दुखणं सुरू झालं.

स्टुडिओ गाद्यांच्या दुकानावर होता. दोन खोल्या आणि मधे जाड काच. वाचायची खोली म्हणजे खोली कसली, कपाटच. भिंतींना फोम, दाराला रबर, आत एक खुर्ची, एक मेज. दार लागलं की कुणी मागून येऊन कानांवर तळवे ठेवल्यासारखं वाटायचं. काचेपलीकडे यंत्रांच्या पसाऱ्यात कानसेन बसत. त्यांचं खरं नाव आता कुणाला आठवत नव्हतं. गल्लीच्या टोकाला नळ टपकत असला तरी याला इथे बसून कळतं, असं स्टुडिओच्या मालकीणबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगत.

कानसेन बोलायचे कमी. सगळ्यांना ‘अहो-जाहो’ करायचे, तिलाही ‘बाई’ म्हणायचे. पण काम सुरू करायच्या आधी बटण दाबून एक प्रश्न मात्र न चुकता विचारायचे. तो थेट तिच्या कानातल्या हेडफोनमध्ये यायचा.

"जेवलीस का?"

एवढ्या एका प्रश्नापुरतं ते तिला अगं-तुगं करत. तिला ते आवडायचं. वडीलधारं माणूस आहे, मायेनं तोंडातून जातं, असं ती समजून चालली होती. ‘जेवले’ म्हटल्याशिवाय ते यंत्र सुरू करत नसत. उपाशी माणसाला खुर्चीत बसवायचं नाही, हा त्यांचा नियम होता. पोट वाजू नये म्हणून असेल, असं सगळे धरून चालले होते.

त्या दुपारी मालकीणबाईंनी तिला बोलावून घेतलं.

"एका आजीबाईंचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "डोळ्यांनी दिसत नाही त्यांना. आपलं एकही पुस्तक सोडत नाहीत. दीपगृहाची कादंबरी प्रकरण आलं की त्याच दिवशी ऐकतात. तुमचं वाचन फार आवडतं म्हणाल्या."

"बरं वाटलं ऐकून."

"पुढचं ऐका. म्हणाल्या, वाचणाऱ्या बाईंच्या मागे जी दुसरी बाई बसते ना, ती उपाशी आहे हो. तिला आधी काहीतरी खायला द्या."

मालकीणबाई हसल्या. ती हसली नाही. तिच्या खुर्चीची पाठ भिंतीला जवळजवळ टेकलेली असे. मागे माणूस काय, मांजरसुद्धा मावलं नसतं.

मालकीणबाईंनी आपला हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला. तिचाच आवाज आला, वाक्य संपलं, आणि दोन वाक्यांमधल्या शांततेत ते आलं. आधी एक लांब, खोल गुरगुर. रिकाम्या घागरीत कुणीतरी हळूच फुंकर घालावी तशी. मग जरासं थांबून दोन आखूड, आणि त्यातली शेवटची वर चढत गेलेली, काहीतरी विचारल्यासारखी. मालकीणबाईंनी आणखी एक प्रकरण लावलं. तिथेही तेच. लांब, मग दोन आखूड, शेवटची वर चढलेली.

"माणसाचं पोट आहे, वाजणारच. मला कळतं," मालकीणबाई म्हणाल्या. "पण लोक कथा ऐकायला येतात, तुमची आतडी ऐकायला नाही. शनिवारपर्यंत मला एक प्रकरण स्वच्छ द्या. नाहीतर उरलेली कादंबरी दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावी लागेल."

ती ‘बरं’ म्हणून बाहेर आली. आवाजावर पोट भरणाऱ्या माणसाला दुसरं काही येत नसतं. याआधी ती बसस्थानकावर गाड्या पुकारायची. एके दिवशी साहेबांनी सगळ्या गावांची नावं तिच्याकडून एकदाच वाचून घेतली, शाबासकी दिली, आणि पुढच्या आठवड्यात सांगितलं की आता यायची गरज नाही. अजूनही त्या बाजूला गेलं की तिचाच आवाज तिला कुठली गाडी कुठे लागली आहे ते सांगायचा. स्वतःच्या आवाजानं स्वतःची नोकरी खाल्लेली ती जगातली एकटीच असेल, असं तिची आई म्हणायची. आता पोटानं तेच करायचं ठरवलं होतं.

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं आणि नाक मुरडलं.

"तुझं पोट? वाजतं? काहीतरीच. अगं, लहानपणी तू झोपलीस की मी तुझ्या पोटाला कान लावून बघायची. एवढं गप्प पोट, की मला भीती वाटायची. सगळी बडबड तोंडात, पोटात काही नाही."

तरी आईनं आल्याचा तुकडा चघळायला दिला, आणि घाईघाईनं दोन घास कोंबून पळतेस त्याचं हे फळ आहे, असं वर ऐकवलं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन ये, हेही तिनंच सुचवलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला झोपवून पोटावर नळी ठेवली, इथे ऐकलं, तिथे ऐकलं.

"ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "पोट म्हणजे शेवटी नळीच. आत पाणी, हवा, अन्न. आतडी ते पुढे ढकलत राहतात, आवाज होतो. रिकामं असलं की जास्त वाजतं, कारण खाल्लेलं पुढे गेलं की आतडी मागचं उरलंसुरलं झाडून काढतात. सामान हलवलेल्या घरात झाडूचासुद्धा आवाज घुमतो की नाही, तसं."

"मग करू काय?"

"उपाशी बसू नका. थोडं थोडं खा, चावून खा. खाताना बोलू नका, बोललं की हवा गिळली जाते. सोड्याच्या बाटल्या बंद. कोमट पाणी घोट घोट घ्या, जेवल्यावर चार पावलं चाला. एवढं करून वाजलं तर खुशाल वाजू दे. आम्हाला काळजी वाटते ती गप्प झालेल्या पोटाची."

मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी नळीची टोकं तिच्याच कानांत घातली. खुराड्यात बसलेली कोंबडी आपल्याशीच पुटपुटते तसा एक बारीक, ओलसर आवाज तिला ऐकू आला.

"हे भरलं पोट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असंच बुडबुडतं, समाधानानं. रिकाम्याचा सूर लांब आणि पोकळ. आत्ता जेवूनच आलात ना?"

"हो." ती उठून बसली. "पण समजा, आवाज दर वेळी अगदी सारखाच आला तर? आधी एक लांब, मग दोन आखूड, शेवटचा वर चढलेला. रोज तस्साच."

"अगदी तस्साच?" डॉक्टरीणबाई हात पुसता पुसता हसल्या. "पोट काय पाठांतर करतं का?"

जिना चढताना तिला भीती वाटली. साधी, सरळ भीती. नोकरीची तर होतीच, पण ही तिच्या शेजारी येऊन बसलेली दुसरी होती.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. सावकाश जेवली, बत्तीस वेळा चावून खा म्हणणाऱ्या आईला उलट बोलली नाही, पायी चालत स्टुडिओत आली. "जेवलीस का?" असं कानात आलं, तिनं "जेवले" म्हटलं आणि वाचायला बसली. पोटावर उशी, उशीवर हात. हाताखाली पोट शहाण्या मुलासारखं निपचित होतं. तिनं त्याच्यावर पहारा ठेवूनच पूर्ण प्रकरण वाचलं. अधूनमधून खोकला आला तेवढाच. रखवालदार पुन्हा एकदा जिन्यावर मागे वळून पाहतो, ते वाक्य आलं, आणि मानेमागची भिंत एकदम फार जवळ असल्यासारखी वाटली. तिनं वळून पाहिलं नाही. वळली असती तर खुर्ची करकरली असती, असं तिनं स्वतःला सांगितलं.

प्रकरण संपत आलं तेव्हा जमिनीतून एक घरघर यायला लागली. खाली गाद्यांच्या दुकानात कापूस पिंजायचं यंत्र सुरू झालं होतं. एरवी ते सुरू होण्याआधीच कानसेन हात वर करून खाली पळत. आज ते यंत्रावरच्या, आवाज मोजणाऱ्या काट्याकडे बघत शांत बसले होते.

"काका, खाली यंत्र लागलंय," ती माईकमध्ये म्हणाली.

"हो का?" त्यांनी काट्याकडे नीट पाहिलं. "हो, हो. थांबा, सांगून येतो."

ते खाली गेले. ती पाणी प्यायला बाहेर आली, आणि त्यांच्या खुर्चीपाशी थांबली. पडद्यावर तिचं कालचं प्रकरण दोनदा उघडलेलं होतं. एक तिनं वाचलं होतं तसंच, कच्चं. दुसरं कानसेनांनी साफ केलेलं. एवढ्या वर्षांत बघून बघून तिला चालू-बंद करता येत होतं. तिनं त्यांचा हेडफोन कानाला लावला आणि कच्चं प्रकरण सुरू केलं.

वाक्य, वाक्य, खोकला, वाक्य. पोट नाही. ती पुढे पुढे गेली. पुन्हा खोकला. पोट कुठेच नाही.

मग तिनं साफ केलेलं लावलं. वाक्य, वाक्य. खोकला होता तिथे आता शांतता होती. आणि त्या शांततेत लांब गुरगुर, मग दोन आखूड.

तिच्या अंगावर काटा आला. आवाज तिनं काढलाच नव्हता. तिचा खोकला काढून टाकला होता, आणि त्याच्या जागी कुणीतरी येऊन बसलं होतं.

कानसेन जिना चढून आले तेव्हा ती त्यांच्याच खुर्चीत होती. खालचं यंत्र बंद झालं होतं.

"काका, माझा खोकला कापता, तिथे काय भरता?"

"शांतता."

"कसली शांतता?"

"या खोलीचीच." ते स्टूल ओढून बसले. "नुसतं भोक ठेवून चालत नाही, कान ठेचकाळतो. म्हणून एक मिनिटभर खोली गप्प ठेवून ते मुद्रित करून ठेवायचं. त्यातलं ठिगळ लावायचं. पण रिकामी खोली चालत नाही. आत माणूस बसलं की खोली बदलते. वाचणाऱ्यानं आत गप्प बसावं लागतं."

"मला कधी बसवलंत?"

"तुम्हाला नाही बसवलं. आधीची होती, ती छान जुळत होती."

"कुणाची?"

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि कोरडेच हात पुसले.

"आमच्या हिची."

तिनं ऐकलं होतं त्याबद्दल. तिच्या आधी त्या खुर्चीत कानसेनांची बायको वाचायची आणि ती वारली, एवढंच मालकीणबाई एकदा म्हणाल्या होत्या.

"सकाळपासून वाचत होती," ते म्हणाले. "म्हणाली, भूक लागलीय. मी इथून बटण दाबून म्हटलं, एवढी शांतता घेऊ, मग जेव. बसली मिनिटभर गप्प. मग हात धुवायला गेली, ती परत आलीच नाही." त्यांनी रुमालाची घडी घातली. "डबा तसाच राहिला."

तिनं मान खाली घातली.

"त्या मिनिटाच्या शेवटी तिचं पोट वाजलंय," कानसेन पुढे म्हणाले. "मला ठाऊक आहे. मी कायम त्याच्या अलीकडचंच ठिगळ घेतो. या वेळी तुमचा खोकला लांबला, ठिगळं मोठी लागली. तरी अलीकडेच थांबतो मी."

"नाही थांबत, काका. येतोय तो आवाज. सगळ्यांना येतोय."

"मला नाही आला."

तिनं हेडफोन काढून त्यांच्या हातात दिला आणि तीच जागा पुन्हा लावली. खोली इतकी गप्प होती की त्यांच्या कानाशी काय वाजतंय ते तिला बाजूला उभं राहूनही ऐकू येत होतं. वाक्य संपलं. लांब गुरगुर आली, थांबली. दोन आखूड आल्या आणि गेल्या. कानसेन डोळे बारीक करून वाट बघत होते. पुढचं वाक्य सुरू झालं तरी त्यांच्या चेहऱ्यावरची वाट बघणं संपलं नव्हतं.

"आला का?" त्यांनी विचारलं.

"गेला," ती म्हणाली.

त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. एवढा मोठा माणूस, पण त्या क्षणी तिला त्यांची फार कीव आली.

"खालचे सूर गेलेत माझे," ते म्हणाले. "वरचे येतात. हे असे, जमिनीतले, येत नाहीत. पूर्वी कधीमधी मुद्दाम लावून ऐकायचो. मग एक दिवस लावलं तर नुसतीच शांतता. मला वाटलं, तोच पुसला गेला." ते तिच्याकडे वळले. "कसा येतो? करून दाखवता येईल?"

चार वेगवेगळ्या माणसांचे संवाद एका गळ्यातून काढणारी बाई ती. तिला काय अवघड होतं? तिनं छाती सैल सोडली, तोंड मिटलं आणि गळ्याच्या तळाशी तो आवाज काढला, पण त्यांना ऐकू येईल अशा वरच्या सुरात. लांब. थांबली. मग दोन आखूड, शेवटचा वर चढलेला. आवाज इतका हुबेहूब आला की तिचा हात आपोआप गळ्याशी गेला. आपण केला की आपल्यातून कुणी केला, हे तिला सांगता आलं नसतं.

कानसेनांनी डोळे मिटले होते.

"हो," ते म्हणाले. "हीच ती."

एवढ्यात दार उघडून मालकीणबाई आत आल्या.

"काय, लागला का पत्ता? येतो कुठून तो आवाज?"

कानसेन उठून उभे राहिले. खरं सांगितलं तर तिची नोकरी वाचत होती. आवाज तिचा नव्हता, हे यंत्र लावून दाखवता आलं असतं. पण मग कानसेनांना तो कसा नाही सापडला, हा प्रश्न त्याच्या मागोमाग आला असता, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला कोण या खुर्चीत ठेवणार?

"माझंच पोट," ती म्हणाली. "घाईत जेवते ना. डॉक्टरांनी सांगितलंय काय करायचं ते. उद्या स्वच्छ प्रकरण देते."

"उद्या शनिवार आहे."

"माहीत आहे मला."

मालकीणबाई गेल्या. कानसेनांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिनं हातानंच ‘असू दे’ म्हटलं. काही गोष्टी पोटात ठेवायच्या असतात, तिचं पोट तर लहानपणापासून गप्पच होतं.

शनिवारी दुपारी जेवायची वेळ झाली तेव्हा कानसेनांनी एकावर एक अडकवलेले दोन डबे सोडवले. ते नेहमी एक डबा खात आणि दुसरा न उघडता घरी परत नेत. संध्याकाळची सोय असेल, असं तिला आजवर वाटत आलं होतं. आज तिनं हात पुढे केला.

"दुसरा द्या इकडे."

"तो..." ते म्हणाले आणि थांबले.

"नवी शांतता घ्यायचीय ना? उपाशी कशी बसवणार?"

त्यांनी डबा तिच्या हातावर ठेवला. वाचायच्या खोलीत खाणं सक्त मना होतं. ती डबा घेऊन सरळ आत गेली, दार लावून घेतलं आणि त्या खुर्चीत बसून जेवली. साधा भात आणि फरसबीची भाजी. मीठ किंचित कमी होतं. कुणाशी न बोलता, सावकाश, शेवटचं शीत उचलेपर्यंत ती जेवली. मान आखडली होती, पाठ थंड पडली होती. दर घासाला वाटत होतं की कुणीतरी खांद्यावरून वाकून डब्यात बघतंय. तिनं ते वाटू दिलं. बघेना का. तिच्यासाठीच तर चाललं होतं.

मग तिनं डबा बाहेर ठेवला, हात धुतले आणि परत येऊन बसली. कानसेनांनी बोट वर केलं. शांतता सुरू झाली. तिला स्वतःचं रक्त ऐकू आलं, पापण्यांची उघडझाप ऐकू आली. गुरगुर येईल म्हणून ती वाट बघत राहिली, पण काहीच आलं नाही. बोट खाली आलं.

संध्याकाळपर्यंत दोघं कामाला बसली. कानसेन कापत होते, जोडत होते, आणि ती बाजूच्या स्टुलावर हेडफोन लावून ऐकत होती. ती मान हलवायची, मग ते पुढे जायचे. जुनी ठिगळं उसवून नवी लावली. शेवटचं जुनं ठिगळ निघालं तेव्हा त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "जुनी शांतता ठेवायची की पुसायची?"

"ठेवा," ती म्हणाली. "मी अधूनमधून ऐकून सांगेन, आहे की नाही ते."

मालकीणबाईंनी प्रकरण ऐकलं. "बघा, मनावर घेतलं की होतं," एवढंच म्हणाल्या. कादंबरी तिच्याकडे राहिली. घरी आई म्हणाली की हा सगळा आल्याचा गुण.

सोमवारी तिला उठायलाच उशीर झाला. आईची कुरकुर मागे टाकून ती उपाशीच निघाली आणि धापा टाकत स्टुडिओत पोचली. आज कानसेनांशी खोटं बोलावं लागणार, याचंच तिला वाईट वाटत होतं. उपाशी म्हटलं तर ते यंत्र सुरू करणार नाहीत, आणि आज तर रखवालदाराला गलबत दिसायचं होतं.

ती खुर्चीत बसली. हेडफोन चढवला, उशी पोटाशी घेतली. काचेपलीकडे कानसेनांनी बटण दाबलं.

"जेवलीस का?"

तिनं तोंड उघडलं, आणि तशीच थांबली. इतकी वर्षं ती या प्रश्नाला उत्तर देत आली होती, आणि तो तिला कधी विचारलेलाच नव्हता.

हेडफोनमध्ये खोलीची शांतता होती. त्या शांततेत, अगदी जवळून, एक आवाज आला. लांब नाही, पोकळ नाही. बारीक, ओलसर बुडबुड, खुराड्यात बसलेल्या कोंबडीसारखी, समाधानानं आपल्याशीच चाललेली. तिनं पोटावर हात दाबून पाहिला. तिचं रिकामं पोट हाताखाली अगदी गप्प होतं.

कानसेन काचेतून तिच्याकडे बघत होते. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. उत्तर का येत नाही, म्हणून त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या, आणि बोट अजून बटणावरच होतं.

तिनं मागे वळून पाहिलं नाही. आता त्याची गरज नव्हती. ती माईककडे वाकली.

"हो," ती म्हणाली. "जेवली ती."